चकचकीत म्हणजे सपाट नव्हे

परवा एकानं कॉम्प्युटरच्या सीपीयूवर बसवतात तो कूलर आणून दाखवला. तळाला ब्रासो लावून दोन तास घासलेला, इतका की त्यात मिशा विंचराव्यात. तरी सीपीयूचं तापमान जागचं हललं नव्हतं. मी गुण्याची, म्हणजे काटकोनी पट्टीची, सरळ धार तळावर टेकवून ट्यूबलाइटसमोर धरली. मधोमध उजेडाची बारीक रेघ. तळ मध्ये खोलगट होता आणि चकाकी थेट त्या खोलगटात उतरली होती.

लॅपिंग आणि पॉलिशिंगची ही गल्लत बघून आता कंटाळा आलाय. पॉलिश काय ते घरोघरी ठाऊक आहे: समईवर फडकं फिरवतो तेच. फडकं मऊ, चढउतारांबरोबर वरखाली जातं. ओरखडे जातात, आकार तसाच राहतो. पळी कितीही लखलखली तरी तिच्यात आमटी मावतेच ना!

लॅपिंग म्हणजे घासून तळ सपाट करणं. त्यात कागदाखालचा आधार कडक आणि सपाट हवा. जाड काच, तिच्यावर वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा खरखरीत कागद), थोडं पाणी. (फ्लोट काच वितळलेल्या कथलावर तरंगवून बनवतात, तिच्याइतकं सपाट घरात दुसरं काही सहसा सापडत नाही.) तळावर मार्करनं जाळी काढा आणि कूलर कागदावर फिरवा. शाई आधी उंचवट्यांवरची जाते, खोलगटातली शेवटपर्यंत टिकते. ती दिसतेय तोवर काम बाकी आहे. फिटर मंडळी सरफेस प्लेटवर निळा रंग लावून हेच बघतात. आणि कागद बोटाला गुंडाळून घासणं हे लॅपिंग नव्हे. ते पॉलिशच, जरा खरखरीत.

फरक किती पडतो? सीपीयू आणि कूलर यांच्यामधली फट भरायला थर्मल पेस्ट लावतात. बऱ्यापैकी पेस्टची उष्णतावाहकता 5 वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास, तांब्याची 400. हवेच्या 0.026 पुढे पेस्ट देवासारखी, पण तांब्यापुढे अडथळाच. समजा 4 चौरस सेंटिमीटरमधून 150 वॅट जातायत. 50 मायक्रॉनची, म्हणजे केसाहून थोडी बारीक फट पेस्टनं भरली, तर तिथेच जवळजवळ 4 अंश गेले. 2 मायक्रॉनच्या ओरखड्यात जातात जेमतेम 0.15. पॉलिशवाले या दुसऱ्या आकड्यासाठी मनगट मोडून घेतात.

मी 400 नंबरच्या कागदानं सुरू करून 1000 वर थांबतो (नंबर मोठा तितका कागद बारीक). 3000 चा आरसा फोटोपुरता. पेस्टचा ठिपका द्यावा की रेघ, हा वाद मला नको. स्क्रू आवळले की पसरते.

सीपीयूचं झाकण मात्र घासू नका. निकेलचा मुलामा, वरचा छापील नंबर आणि वॉरंटी, तिन्ही जातात. इंटेलच्या एलजीए 1700 सॉकेटमध्ये (सीपीयू बसतो त्या खोबणीत) तर दांडा दाबला की सीपीयूच मध्ये वाकतो. बाहेर सपाट केलेला आत पुन्हा वाकणार. तिथे कॉन्टॅक्ट फ्रेम, म्हणजे सीपीयूला कडेनं सारखं दाबणारी चौकट, लावावी. ज्यांत उष्णता वाहून नेणारे पाइप (हीटपाइप) तळाशी उघडे असतात, ते तळही सोडा, पाइपची भिंत पातळ असते. काही तळ तर मुद्दाम फुगीर असतात: नॉक्टुआ कंपनीनं 2024 मध्ये एनएच-डी15 जी2 हा कूलर कमीजास्त फुगवट्याच्या तीन तळांत आणला. तो घासणं म्हणजे पैसे मोजून घेतलेला आकार पुसणं.

परवाचा कूलर अखंड तांब्याच्या तळाचा होता, म्हणून काचेवर घेतला. शाई पूर्ण गेली तेव्हा तळ मंद, राखाडी-गुलाबी दिसत होता. गुण्या लावला, उजेड बंद.

“आता यावर जरा ब्रासो मारू का?” त्यानं विचारलं.