थांग लागेना: समुद्राच्या नकाशाची पार्श्वभूमी

दर्यावर्दी माणसाला कायम दोन प्रश्न पडत आले: आपण कुठे आहोत आणि खाली काय आहे? पहिल्याचं उत्तर आता खिशातला फोनही देतो. दुसऱ्याचं घोडं अजून अडलेलंच आहे.

खोली मोजायची ती दोराने. टोकाला शिशाचं वजन बांधून दोर सोडायचा आणि किती वाव गेला ते पाहायचं. एक वाव म्हणजे ६ फूट. वजनाच्या बुडाशी खळगा असे, त्यात चरबी थापलेली. तिला चिकटून वर आलेली वाळू, चिखल, शिंपल्यांचा चुरा बघून मुरलेला खलाशी धुक्यातही आपण कुठल्या किनाऱ्याजवळ आहोत ते ताडत असे.

‘कुठे’ची अर्धी बाजू सोपी होती. ध्रुवताऱ्याची उंची मोजली की अक्षांश मिळे. रेखांशाने मात्र जीव घेतले. १७०७ मध्ये इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या सिली बेटांजवळ ब्रिटिश आरमाराची चार जहाजं बुडाली आणि १७१४ मध्ये पार्लमेंटने समुद्रावर रेखांश काढून दाखवणाऱ्याला २०,००० पौंडांपर्यंतचं इनाम लावलं. चंद्रावरून गणित मांडायची रीतही होती, पण किचकट. मूळचा सुतार असलेल्या जॉन हॅरिसनने रेखांशासाठी समुद्रावर टिकणारं घड्याळ केलं. घड्याळातली मूळ बंदराची वेळ आणि जहाजावरची वेळ यांतल्या फरकावरून रेखांश निघतो. घड्याळ ४ सेकंद चुकलं, तर विषुववृत्तावर हिशेब सागरी मैलभर हुकतो.

खोल समुद्रात दोराने एक मोजणी करायला तास लागत. ‘चॅलेंजर’ जहाजाने १८७५ मध्ये पश्चिम पॅसिफिकमध्ये ४,४७५ वाव खोली मोजली, तीही अशीच. मग आवाज कामाला आला. पाण्यात तो सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो. प्रतिध्वनी परतायला लागलेल्या वेळावरून खोली कळते. अशा आकड्यांवरूनच १९५०च्या दशकात भूगर्भशास्त्रज्ञ मेरी थार्पने अटलांटिकच्या मधल्या डोंगररांगेत दरी दाखवली. सहकारी ब्रूस हीझेनने ती आधी ‘बायकी गप्पा’ म्हणून उडवून लावली. भूकंपांची केंद्रं नेमकी त्याच दरीत पडताहेत हे दिसलं, तेव्हा कुठे त्याला पटलं.

समुद्राखालच्या डोंगरावर पाणी किंचित फुगतं, त्यावरून उपग्रह तळाचा अंदाज बांधतात. पण तो ढोबळच. २००५ मध्ये ‘सॅन फ्रान्सिस्को’ ही अमेरिकी पाणबुडी ग्वामच्या दक्षिणेला एका डोंगरावर आदळली आणि एक नौसैनिक गेला. तिच्या वापरातल्या नकाशावर तो डोंगर नव्हता.

सगळ्या समुद्रतळाचा नकाशा २०३० पर्यंत करायचा ‘सीबेड २०३०’ प्रकल्प सुरू झाला तेव्हा, २०१७ मध्ये, जेमतेम ६ टक्के तळ नीट मोजलेला होता. २०२५च्या मध्याला २७ टक्क्यांच्या थोडं पुढे मजल गेली. उरलेलं काम बिनमाणसी बोटी आणि जाता-येता खोली नोंदवणारी साधी जहाजं यांच्यावर सोपवायचं चाललं आहे. इकडे ‘कुठे’चं उत्तरही पक्कं राहिलेलं नाही: जागा दाखवणाऱ्या उपग्रहांचे खोटे सिग्नल सोडून जहाजांना चकवण्याचे प्रकार वाढले आहेत. अमेरिकी नौदल अकादमीत ताऱ्यांवरून दिशा काढायचे धडे २०१५ पासून पुन्हा गिरवले जाताहेत, ते उगाच नाही.

मला स्वतःला जास्त भीती वाटते ती पडद्यावर जहाजाची जागा दाखवणाऱ्या त्या नेमक्या ठिपक्याची. ठिपका काही मीटरपर्यंत अचूक, आणि त्याच्या खालचा खोलीचा आकडा कधीकधी शिशाच्या दोराच्या जमान्यातला. म्हणून इलेक्ट्रॉनिक नकाशात मोजणीच्या दर्जाच्या खुणा असतात. सहा तारे म्हणजे उत्तम, दोन म्हणजे जपून. आणि जिथे इंग्रजी ‘यू’ दिसतं, तिथला दर्जा कुणी तपासलेलाच नाही.