पर्यायी माध्यमिक शिक्षण (नागपूर)

पर्यायी माध्यमिक शिक्षण : नियमित दिवसशाळेतून दहावी-बारावीपर्यंत पोहोचू न शकलेल्या, शाळा मध्येच सुटलेल्या किंवा परीक्षेत वारंवार अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांना शालान्त प्रमाणपत्र मिळवून देणाऱ्या निरनिराळ्या मार्गांची ही एकत्रित संज्ञा होय. अमेरिकेत या नावाने ओळखली जाणारी व्यवस्था म्हणजे बहुधा एक वेगळी, लहान पटसंख्येची शाळाच असते. तेथे अडखळलेल्या विद्यार्थ्याला नेहमीच्या शाळेतून काढून मोजक्या मुलांच्या वर्गात बसवतात आणि त्याचे राहून गेलेले विषय एकेक करून पुरे करून घेतात. महाराष्ट्रात, आणि म्हणून नागपुरातही, अशी स्वतंत्र शाळा रूढ नाही. येथे पर्याय आहे तो शाळेला नव्हे, तर परीक्षेपर्यंत जाण्याच्या वाटेला. रात्रशाळा, सतरा क्रमांकाचा अर्ज (शाळेत न जाता राज्य मंडळाच्या परीक्षेस बसण्यासाठीचा), राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आणि राज्याचे मुक्त विद्यालय मंडळ या त्या चार प्रमुख वाटा होत. बोलण्यात त्यांची नावे ‘बाहेरून बसणे’, ‘प्रायव्हेट भरणे’, ‘सतरा नंबर’ आणि ‘ओपन’ अशी सुटसुटीत होतात. मात्र त्यांतील भेद पालकांनाच नव्हे, तर पुष्कळदा शाळांच्या कार्यालयांनाही स्पष्ट नसतात.

या मार्गांपैकी सर्वांत जुना रात्रशाळेचा. त्याच्या प्रारंभाविषयी एकमत नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी व कष्टकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्री चालणारी शाळा काढली, असे चरित्रकार सांगतात आणि बहुतेक संदर्भग्रंथ हीच महाराष्ट्रातील पहिली रात्रशाळा मानतात. दुसरे मत मुंबईच्या प्रार्थना समाजाकडे (स्थापना १८६७) बोट दाखवते. समाजाने १८७० च्या दशकात गिरणगावातील कामगारांसाठी रात्रीचे वर्ग चालवले व ते संस्थारूपाने टिकले, म्हणून परंपरेची खरी सुरुवात तेथून धरावी, असा या मताचा आशय आहे. वाद बराचसा व्याख्येचा आहे. प्रौढांना अक्षरओळख व हिशोब शिकवणारा रात्रीचा वर्ग यालाच रात्रशाळा म्हणायचे असेल, तर अग्रमान फुल्यांकडे जातो आणि तो नाकारण्यास सबळ कारण दिसत नाही. पण इयत्तावार अभ्यासक्रम, हजेरीपट आणि शेवटी सार्वजनिक परीक्षा असलेली माध्यमिक शाळा अभिप्रेत असेल, तर एकोणिसाव्या शतकातील हे दोन्ही प्रयत्न तिचे पूर्वज ठरतात, तिचे रूप नव्हेत. पुण्यातील पूना नाइट हायस्कूल (सु. १९२०) यासारख्या शाळांत ते रूप प्रथम स्पष्ट दिसते. प्रस्तुत नोंदीत रात्रशाळा हा शब्द या दुसऱ्या, मर्यादित अर्थाने वापरला आहे.

नागपुरात रात्रीच्या शिक्षणाची गरज निर्माण झाली ती गिरण्यांमुळे. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. पुढे मॉडेल मिल आली, आणि शहराच्या उत्तर व पूर्व भागांत कामगारांच्या वस्त्या वाढल्या. १९२० च्या दशकात एम्प्रेस मिलने वस्त्यांतील कल्याणकार्य वायएमसीए या ख्रिस्ती समाजसेवी संस्थेकडे सोपवले होते व त्यात साक्षरतेचे वर्गही होते. हे वर्ग वरील व्याख्येप्रमाणे माध्यमिक शाळा नव्हेत. तरीही पाळी संपवून आलेल्या माणसाला संध्याकाळी पाटी धरायला बसवण्याची सवय शहराला त्यांनीच लावली, असे म्हणता येते. नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवर, वर्ध्याला, ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम पुढे आली. हाताच्या कामातून शिकवण्याचा तो विचार अडखळलेल्या मुलाला सर्वांत मानवणारा होता, असे अनेक शिक्षणतज्ज्ञांचे मत आहे. पण तो प्राथमिक स्तरापुरता राहिला आणि शालान्त परीक्षेच्या चौकटीत कधी बसला नाही. त्यामुळे पर्यायी माध्यमिक शिक्षणाच्या इतिहासात त्याची नोंद प्रभाव म्हणून घ्यावी, मूळ म्हणून नव्हे.

‘बाहेरून’ परीक्षेला बसण्याची प्रथा मात्र रात्रशाळेवर अवलंबून नव्हती. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काळातही शाळेत नाव नसलेले उमेदवार खासगीरीत्या मॅट्रिकला बसत. त्यांत शिक्षक, कारकून आणि लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या स्त्रिया असत. स्त्रियांसाठी केंद्रीय समाजकल्याण मंडळाने १९५८ मध्ये प्रौढ महिलांचे संक्षिप्त अभ्यासक्रम सुरू केले व त्यांतून दोनेक वर्षांत मॅट्रिकची तयारी करून घेतली जाऊ लागली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. त्यानंतरही काही वर्षे येथील शालान्त परीक्षा नागपूरच्या स्वतंत्र मंडळाकडे होती. १९६५ च्या अधिनियमानुसार १ जानेवारी १९६६ रोजी राज्य मंडळ स्थापन झाले आणि नागपूर हे त्याचे विभागीय मंडळ बनले. १९७५ मध्ये दहावीची पहिली परीक्षा झाली व जुनी अकरावी संपली. ‘मॅट्रिक’ हा शब्द मात्र वैदर्भीय बोलण्यातून अद्याप गेलेला नाही. आज सिव्हिल लाइन्समधील या विभागीय मंडळाच्या कक्षेत नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हे सहा जिल्हे येतात.

सतरा क्रमांकाचा अर्ज हा या मंडळाच्या खासगी विद्यार्थ्यांचा नावनोंदणी अर्ज होय. मंडळाच्या नमुन्यांतील त्याच्या अनुक्रमांकावरूनच हे नाव पडले. त्यामागे शोधले जाणारे इतर अर्थ कल्पित समजावेत. दहावीसाठी उमेदवार मान्यताप्राप्त शाळेतून किमान पाचवी उत्तीर्ण असावा व त्याच्या वयाची चौदा वर्षे पूर्ण असावीत. बारावीसाठी दहावी उत्तीर्ण होऊन दोन वर्षांचा खंड पडलेला असावा, अशा प्रमुख अटी आहेत. अर्ज आता संगणकीय पद्धतीने भरतात. शाळा सोडल्याचा मूळ दाखला, तो हरवला असल्यास दुय्यम प्रत व प्रतिज्ञापत्र, आधार कार्ड आणि छायाचित्र जोडून एका नियमित शाळेची संपर्क केंद्र म्हणून निवड करावी लागते. ही शाळा विद्यार्थ्याचे अंतर्गत मूल्यमापन, तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षा घेते, त्याचे परीक्षेचे अर्ज पुढे पाठवते आणि निकालपत्र देते. त्याला वर्षभर शिकवण्याचे बंधन तिच्यावर नसते. प्रश्नपत्रिका, विषय, उत्तीर्णतेची ३५ गुणांची अट आणि परीक्षेचे दिवस नियमित विद्यार्थ्यांप्रमाणेच असतात. येथेच या मार्गाचा गुण व दोष एकत्र आहेत. अमेरिकेत १९४२ पासून चालत आलेल्या जीईडी परीक्षेप्रमाणे येथे वेगळी, समकक्ष मानलेली कसोटी नाही. मिळते ते प्रमाणपत्र सर्वांना मिळते तेच, म्हणून त्याच्या समकक्षतेचा प्रश्न कोणी काढत नाही. पण ज्या गणितापायी मूल शाळेतून बाहेर पडले तेच गणित, तेवढ्याच तासांत, आता शिक्षकाविना त्याच्यापुढे येते. ही उणीव खासगी शिकवण्या भरून काढतात व त्यांचा खर्च घरावर पडतो.

याउलट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने परीक्षेचीच बांधणी बदलली. शालेय स्तरावर पत्रद्वारा शिक्षणाचे प्रयोग १९६० च्या दशकात झाले होते व दिल्लीचे पत्राचार विद्यालय १९६८ चे आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने १९७९ मध्ये मुक्त शाळेचा प्रकल्प हाती घेतला, १९८९ मध्ये त्यातून स्वायत्त राष्ट्रीय मुक्त विद्यालय झाले आणि २००२ मध्ये त्यास सध्याचे नाव मिळाले. स्थापनेचे वर्ष म्हणून १९७९ व १९८९ ही दोन्ही वर्षे दिली जातात; प्रकल्प आणि संस्था यांत फरक करावयाचा तर १९८९ ग्राह्य धरणे योग्य. माध्यमिक स्तरासाठी किमान वय चौदा, उच्च माध्यमिकसाठी पंधरा आहे. विद्यार्थी किमान पाच विषय घेतो; त्यांत एक भाषा आवश्यक असते व जास्तीत जास्त दोन घेता येतात. उरलेले विषय त्याने निवडायचे असून त्यांत गणित असलेच पाहिजे असे नाही. गृहविज्ञान, चित्रकला, व्यवसाय अध्ययन, संगणकीय नोंदणी असे विषयही चालतात. राज्य मंडळात काही वर्षे ‘सामान्य गणित’ हा सोपा पर्याय होता, पण नव्या अभ्यासक्रमात तो राहिला नाही, हे येथे लक्षात घ्यावे. नोंदणी पाच वर्षे टिकते व तेवढ्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. सार्वजनिक परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशी वर्षातून दोनदा होते. एका वेळी एक विषय दिला तरी चालते. उत्तीर्ण विषयाचे श्रेय जमा राहते, आणि अन्य मान्यताप्राप्त मंडळात उत्तीर्ण झालेल्या दोन विषयांपर्यंतचे श्रेय आणताही येते. उत्तीर्णतेची मर्यादा ३३ टक्के असून घरी सोडवून द्यावयाच्या स्वाध्यायांना २० टक्के भार आहे. वर्ग भरतात ते मान्यताप्राप्त अभ्यास केंद्रांत, बहुधा सुटीच्या दिवशी, आणि त्यांची प्रत केंद्रागणिक बदलते. माध्यमिक स्तरावर मराठीबरोबर हिंदी व उर्दू माध्यमही उपलब्ध असल्याने, घरी हिंदी किंवा उर्दू आणि रस्त्यावर मराठी बोलणाऱ्या नागपूरसारख्या शहरात ही सोय लहान नाही. एप्रिल-मेच्या परीक्षेचे वेळापत्रक मात्र नागपूरचा पारा डोळ्यांपुढे ठेवून आखलेले दिसत नाही.

सतरा क्रमांक आणि राष्ट्रीय मुक्त संस्था यांपैकी अडखळलेल्या विद्यार्थ्यास कोणता मार्ग हितकर, याविषयी शिक्षकांत दोन तट आहेत. पहिला तट राज्य मंडळाच्या प्रमाणपत्राची ओळख व अकरावी प्रवेशातील सुलभता यांवर भर देतो. दुसरा विषयनिवड व हप्त्याहप्त्याने उत्तीर्ण होण्याची मुभा यांवर. मुक्त संस्थेचे प्रमाणपत्र उच्च शिक्षणासाठी व नोकरीसाठी समकक्ष मानलेले आहे. तेव्हा पहिल्या तटाचा आक्षेप नियमाचा कमी आणि खिडकीवरील अनुभवाचा अधिक आहे. एखाद-दुसऱ्या विषयात राहिलेल्यास सतरा क्रमांक किंवा पुनर्परीक्षा पुरते, पण पाचवी-सातवीतच वाचन-गणित सुटलेल्या मुलासाठी दुसऱ्या तटाचे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते.

राज्याचे स्वतःचे मुक्त विद्यालय मंडळ २०१७ मधील शासन निर्णयाने आले. त्याच्या योजनेत पाचवी व आठवीच्या समकक्ष परीक्षांचाही समावेश आहे.

दिवसशाळेतील विद्यार्थ्यास बाहेर पडूच न देणाऱ्या सवलती या काटेकोरपणे पर्यायी शिक्षणात मोडत नाहीत; तरी त्यांचा परिणाम वरील मार्गांवर होतो. पूर्वी मार्चमध्ये अनुत्तीर्ण झालेल्यास ऑक्टोबरची वाट पाहावी लागे व वर्ष जाई. २०१५ पासून दहावीची पुरवणी परीक्षा जुलैच्या सुमारास घेण्यात येऊ लागली. एक-दोन विषय राहिलेल्यांना अकरावीत तात्पुरता प्रवेश मिळतो, त्यास ‘एटीकेटी’ म्हणतात. अध्ययन अक्षमता असलेल्यांना शासकीय रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर जादा वेळ, लेखनिक इत्यादी सवलती आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने विशिष्ट अध्ययन अक्षमतेस कायद्याच्या सूचीत स्थान दिले. शाळेने ‘मठ्ठ’ ठरवून सतरा क्रमांकाकडे वळवलेल्या मुलांत अशी अक्षमता असलेली मुले किती, हा प्रश्न प्रमाणपत्र काढायला कोणी सुचवतच नाही तेथे अनुत्तरित राहतो. शिक्षण हक्क अधिनियमाने (अंमल १ एप्रिल २०१०) वयानुरूप वर्गात प्रवेश व विशेष प्रशिक्षणाची तरतूद केली, पण ती आठवीपर्यंतच. नववीपासून पुढचे मूल तिच्या बाहेर पडते, आणि गळती नेमकी तेथेच ठळक होते.

रात्रशाळांत शिकवणे साधारणतः सायंकाळी साडेसहानंतर अडीच-तीन तास चालते. विद्यार्थी दुकानांत, गॅरेजांत, हॉटेलांत, कळमना बाजारात वा हिंगणा औद्योगिक वसाहतीत काम करणारे असतात, आणि अभ्यासक्रम दिवसशाळेचाच असतो. दिवसा एका शाळेत पूर्णवेळ असलेल्या शिक्षकाने रात्री दुसऱ्या शाळेत अर्धवेळ शिकवण्याची जुनी रीत शासनाने मे २०१७ मधील निर्णयाने बंद केली. अनुभवी शिक्षक त्यामुळे गेले, अशी संस्थांची तक्रार होती. बेरोजगार पदवीधरांना संधी मिळाली, असे निर्णयाचे समर्थक म्हणत. २०२२ मध्ये हे धोरण पुन्हा बदलण्यात आले. एम्प्रेस मिल बंद पडल्यावर पाळीवरून सुटणारा, ठरल्या वेळी मोकळा होणारा कामगार-विद्यार्थी शहरात उरला नाही. त्याच्या जागी आलेल्या दुकानातील व घरपोच सेवेतील मुलांची कामाची वेळ नेमकी संध्याकाळचीच असते. ती मुले रात्रशाळेऐवजी सतरा क्रमांकाकडे वा अभ्यास केंद्राच्या रविवारच्या वर्गाकडे वळतात.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने (नाशिक, १९८९) बारावी नसलेल्यांना पूर्वतयारी अभ्यासक्रमाद्वारे पदवीकडे जाण्याची वाट दीर्घकाळ खुली ठेवली होती. त्याचे विभागीय केंद्र नागपुरात आहे.