इन्सुलिनोपचारित मधुमेह व वैमानिकांचे वैद्यकीय प्रमाणन

इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही व्यक्तीस ठरावीक अटींवर विमानचालनास पात्र ठरविण्याची पद्धत. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १ (वैमानिकांच्या परवान्यांविषयीची मानके) नुसार आहाराने किंवा त्याच्या जोडीला पोटात घ्यावयाच्या योग्य औषधांनी आटोक्यात असलेला मधुमेह ग्राह्य धरता येतो. इन्सुलिनवरील उमेदवार मात्र मूळ नियमाप्रमाणे अपात्र ठरतो. रक्तातील साखर एकाएकी उतरल्यास निर्णयशक्ती मंदावते आणि ते वैमानिकाच्या स्वतःच्या ध्यानात येईलच असे नाही, हे त्याचे मुख्य कारण होय. तथापि तज्ज्ञांचा वैद्यकीय निष्कर्ष अनुकूल असल्यास सदस्य राष्ट्राला अपवाद करण्याची मुभा त्याच परिशिष्टात आहे.

असा अपवाद करताना अनेकदा ‘एक टक्का नियमा’चा, म्हणजे वैमानिक अकस्मात अक्षम होण्याची शक्यता वर्षाला एक टक्क्याहून अधिक नसावी या मर्यादेचा, आधार घेतला जातो. त्याचा उगम सामान्यतः १९८० च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये हृद्रोगग्रस्त वैमानिकांविषयी झालेल्या चर्चांत मानला जातो, म्हणजे तो मधुमेहासाठी घडविलेला नव्हता. वैमानिक अकस्मात अक्षम झाल्याने होणारे प्राणघातक अपघात एक अब्ज उड्डाणतासांत एकाहून अधिक नसावेत, हे त्याचे गृहीतक. दोन वैमानिकांच्या विमानात उड्डाणाचा सुमारे दहावा भागच निर्णायक असतो आणि त्या काळातही शंभरांतील एखाद्याच प्रसंगी दुसऱ्या वैमानिकाला विमान सावरता येत नाही, असे धरल्यास दहा लाख तासांत एकदा येणारी अक्षमता चालण्याजोगी ठरते. वर्षाचे ८,७६० तास ढोबळमानाने दहा हजार मानले की वार्षिक एक टक्का हा आकडा निघतो. २००४ मध्ये मिचेल व इव्हान्स या संशोधकांनी ही मर्यादा दोन टक्क्यांपर्यंत नेता येईल असे मांडले. मूळ आकडेमोडीतील पूर्णांकन पाहता त्यांचे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते.

अमेरिकेने १९९६ मध्ये तृतीय वर्गाच्या (खासगी वैमानिकांच्या) वैद्यकीय प्रमाणपत्रासाठी अपवादाचा हा मार्ग खुला केला. व्यावसायिक वर्गांसाठी तो २०१९ च्या अखेरीस झाला. ब्रिटनने २०१२ मध्ये व्यावसायिक वैमानिकांनाही परवानगी दिली. पुढे आयर्लंड व ऑस्ट्रिया यांनी तीच कार्यपद्धती अंगीकारली. तिच्यानुसार उड्डाणापूर्वी, उड्डाणात दर तासाला व उतरण्याच्या अर्धा तास आधी साखर तपासावी लागते. दर लिटरला ५ ते १५ मिलिमोल (दर डेसिलिटरला सुमारे ९० ते २७० मिलिग्रॅम) ही पातळी हिरवी, म्हणजे सुरक्षित. ४ च्या खाली किंवा २० च्या वर ती लाल होते आणि विमानाचा ताबा सहवैमानिकाकडे द्यावा लागतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कार्यपद्धतीच्या पाहणीत ४९ वैमानिकांच्या ३८,६२१ नोंदींपैकी ९७.६९ टक्के हिरव्या पट्ट्यात आढळल्या. हे सर्व वैमानिक काटेकोर निवडीतून आलेले असल्याने निष्कर्ष सरसकट लागू करणे घाईचे ठरेल.

मानकांहून वेगळ्या अटींवर दिलेल्या परवान्यावर, शिकागो कराराच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीचा १९४४ चा करार) ३९ व्या कलमानुसार, तशी नोंद करावी लागते आणि ४० व्या कलमानुसार अशा वैमानिकास परदेशी हद्दीत विमान नेण्यासाठी त्या राष्ट्राची अनुमती लागते.