स्पॅनिशभाषकांच्या इंग्रजीतील उभयान्वयी अव्यये व क्रियाविशेषणे

इंग्रजी शिकताना स्पॅनिशभाषकांना उभयान्वयी अव्यये, वाक्ये सांधणारे शब्दप्रयोग आणि क्रियाविशेषणे यांत ज्या ठरावीक अडचणी येतात, त्यांचा हा विषय उपयोजित भाषाविज्ञानात मोडतो. स्पॅनिश लॅटिनपासून निघालेली, तर इंग्रजीने फ्रेंच आणि लॅटिनमधून हजारो शब्द उचललेले. त्यामुळे शब्दसंग्रहात ओळखीचे चेहरे पुष्कळ भेटतात. जोडशब्दांत, म्हणजे वाक्ये सांधणाऱ्या या शब्दांत, ही ओळख फारशी कामी येत नाही. स्पॅनिश जे काम क्रियापदाच्या रूपाकडून करून घेते, तेच इंग्रजी वेगळा शब्द निवडून किंवा शब्दाची जागा बांधून देऊन करते.

‘आउनके’ हा शब्द त्याचा उत्तम नमुना. ‘आउनके युएवे’ म्हणजे पाऊस पडतोय खरा, तरीही; ‘आउनके युएवा’ म्हणजे बहुधा, पाऊस पडला तरीही. दोन्हींत जोडशब्द एकच, फरक क्रियापदाच्या शेवटच्या स्वराचा. इंग्रजीत क्रियापद जवळजवळ जसेच्या तसे राहते आणि जोडशब्द बदलावा लागतो: पहिल्या अर्थी ‘ऑलदो’ किंवा ‘ईव्हन दो’, दुसऱ्या अर्थी ‘ईव्हन इफ’. विद्यार्थी क्रियापदात अर्थ शोधण्याची सवय घेऊन आलेला असतो, त्यामुळे ‘ईव्हन दो’ आणि ‘ईव्हन इफ’ यांची अदलाबदल बऱ्याच वरच्या पातळीपर्यंत टिकते. ‘आ पेसार दे’ (असूनही) या प्रयोगातला ‘दे’ (‘ऑफ’) तर इंग्रजीत हमखास घुसतो आणि ‘डिस्पाइट ऑफ’ असा जोड तयार होतो. ‘इन स्पाइट ऑफ’ बरोबर असल्यामुळे ही चूक विद्यार्थ्याच्या कानाला खटकत नाही.

काही ठिकाणी मात्र इंग्रजीकडे येणाऱ्याची वाट सोपी आहे. स्पॅनिशमध्ये ‘पेरो’ आणि ‘सिनो’ वेगळे: पहिला ‘पण’च्या जागी, दुसरा आधीचे नाकारून खरे काय ते सांगताना. मराठीतही ‘तो डॉक्टर नव्हे, तर वकील आहे’ या वाक्यात ‘पण’ चालत नाही. इंग्रजीत दोन्हींना एकटा ‘बट’ पुरतो. हा भेद उलट दिशेने, म्हणजे स्पॅनिश शिकणाऱ्या इंग्रजीभाषकाला जास्त छळतो.

‘के’ हा छोटा शब्द त्याहून त्रासदायक. ‘की’, ‘जो’, ‘पेक्षा’ अशी अनेक कामे तो एकटा करतो. त्यामुळे तुलनेत ‘दॅन’ऐवजी ‘दॅट’ येतो आणि ‘तू यावंस असं मला वाटतं’ हे ‘आय वाँट दॅट यू कम’ असे बाहेर पडते. इंग्रजीला तिथे ‘आय वाँट यू टू कम’ हवे असते. ‘पारा’ या हेतुदर्शक शब्दातून ‘फॉर टू’ जन्मते. गंमत म्हणजे ‘फॉर टू’ हे काही शतकांपूर्वीच्या इंग्रजीत राजरोस चालत असे, 1611च्या बायबल भाषांतरातही ते सापडते. आजच्या परीक्षकासमोर त्याचा काही उपयोग नाही. वाक्याच्या सुरुवातीला कारण सांगणारा ‘कोमो’ हा ‘अ‍ॅज’ किंवा ‘सिन्स’ व्हायला हवा, तो ‘लाइक’ होतो. आणि ‘पोर्के’ (कारण) नंतर स्पॅनिशमध्ये कर्ता गाळता येत असल्यामुळे ‘बिकॉज इज इम्पॉर्टंट’ असे वाक्य लिहिले जाते. जोडशब्द अचूक निवडला, पण त्याच्या पाठीमागचा ‘इट’ राहिला, अशी ही चूक आहे. जोडशब्दांच्या याद्या पाठ करून ती सुटत नाही.

क्रियाविशेषणांत सर्वांत मोठा प्रश्न जागेचा. ‘मे गुस्ता मुचो एल काफे’ किंवा ‘आब्लो ब्येन इंग्लेस’ या वाक्यांत क्रियापदाला लागूनच क्रियाविशेषण बसते. इंग्रजी क्रियापद आणि त्याचे कर्म यांच्यामध्ये सहसा कोणाला बसू देत नाही, म्हणून ‘आय लाइक व्हेरी मच कॉफी’ आणि ‘आय स्पीक वेल इंग्लिश’ चुकीचे. याउलट ‘ऑफन’, ‘ऑल्वेज’ यांसारखे वारंवारता सांगणारे शब्द साध्या क्रियापदाच्या आधी येतात, पण ‘अ‍ॅम’, ‘इज’च्या नंतर.

‘या’ आणि ‘तोदाविया’ यांचा गुंता वेगळाच. ‘या’ म्हणजे प्रसंगानुसार ‘ऑलरेडी’, ‘नाऊ’, प्रश्नात ‘येट’, आणि ‘या नो’ असे आले की ‘एनी मोअर’. ‘तोदाविया’ होकारात ‘स्टिल’ होतो, नकारात बहुतेकदा ‘येट’. ‘या बोय’ म्हणजे ‘आलोच’, त्यात ‘ऑलरेडी’चा संबंधच नाही. शब्दाला शब्द शिकवण्याची पद्धत इथे सपशेल तोकडी पडते.

‘-मेन्ते’ आणि ‘-ली’ हे प्रत्यय एकमेकांशी चांगले जुळतात. फरक इतकाच की दोन क्रियाविशेषणे जोडली की स्पॅनिश प्रत्यय फक्त शेवटच्याला लावते, ‘क्लारा इ रापिदामेन्ते’. इंग्रजीत दोन्हींना लावावा लागतो. पण याच जुळणीतून फसवे शब्दही येतात. ‘आक्तुआलमेन्ते’ म्हणजे सध्या, ‘अ‍ॅक्च्युअली’ नव्हे. ‘एवेन्तुआलमेन्ते’मध्ये कदाचित किंवा प्रसंगी असा भाव आहे, तर ‘इव्हेंच्युअली’ म्हणजे अखेरीस. ‘उल्तिमामेन्ते’ म्हणजे अलीकडे, ‘अल्टिमेटली’ नव्हे. ‘अ‍ॅक्च्युअली, आय लिव्ह इन बोगोता’ असे वाक्य व्याकरणात निर्दोष असते, म्हणूनच ते कोणी दुरुस्त करत नाही.

वाक्ये आणि परिच्छेद सांधणाऱ्या शब्दांकडे भाषावैज्ञानिकांचे लक्ष वळवण्यात मायकेल हॅलिडे आणि भारतात जन्मलेल्या रुकैया हसन यांचा मोठा वाटा आहे. 1976 साली त्यांनी या दुव्यांचे भर घालणारे, विरोध दाखवणारे, कारण सांगणारे आणि काळ दाखवणारे असे चार गट मांडले. मजकूर एकसंध राहतो तो सर्वनामे, गाळलेले शब्द आणि शब्दांची पुनरुक्ती यांमुळेही, हेही त्यांनी दाखवले. वर्गात मात्र चार गटांचा तक्ता तेवढा पोहोचला. स्पेनमध्ये केंब्रिजच्या ‘बी टू फर्स्ट’ या इंग्रजीच्या परीक्षेला बसणारे पुष्कळ; तिच्या लेखनाच्या चार निकषांपैकी एक मांडणीचा असून त्यात जोडशब्दांचा वापर पाहिला जातो. परिणामी ‘मोअरओव्हर’, ‘फर्दरमोअर’, ‘नेव्हरदलेस’ यांचा मारा करणारे निबंध तयार होतात. प्रत्येक वाक्याच्या तोंडी ‘मोअरओव्हर’ असलेला निबंध वाचणे ही शिक्षाच असते. ‘पोर ओत्रो लादो’ (दुसरीकडे) यासाठी ‘ऑन द अदर हँड’ऐवजी लिहिलेला ‘इन द अदर हँड’ आणि स्वल्पविरामाने दोन पूर्ण वाक्यांमध्ये अडकवलेला ‘हाउएव्हर’ हे अशा निबंधांतले नेहमीचे पाहुणे. ‘हाउएव्हर’ हे उभयान्वयी अव्यय नाही. त्याआधी पूर्णविराम किंवा अर्धविराम लागतो.

बोलण्यात लागणारे जोडशब्द या याद्यांत क्वचितच असतात. ‘पुएस’, ‘ब्वेनो’, ‘ओ सेआ’ यांवर स्पॅनिश संभाषण चालते. इंग्रजीत त्यांची जागा ‘वेल’, ‘सो’, ‘आय मीन’ घेतात. ते न शिकवल्यामुळे तोंडी परीक्षेतला विद्यार्थी विचार करायला थांबला की नकळत ‘पुएस’ म्हणून मोकळा होतो.