ट्रक ड्रायव्हरचा ओव्हरटाइम कायद्यात आहे, हिशेबात का नाही?

नाशिक जिल्ह्यात कांद्याची गाडी भरते ती साधारण अशी. सकाळी लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतला लिलाव होतो आणि माल व्यापाऱ्याच्या खळ्यावर जातो. तिथे निवड, गोण्या भरणे, शिलाई आणि मग भराई. ट्रक मात्र सकाळपासूनच खळ्यावर लावलेला असतो, कारण उशिरा येणाऱ्याचा नंबर जातो. काट्यावर वजन होऊन बिल्टी, म्हणजे मालाची वाहतूक पावती, हातात पडेपर्यंत रात्रीचे आठ-नऊ वाजतात. दिवसभर जागलेला माणूस तेव्हा कुठे स्टिअरिंगवर बसतो आणि राहुड घाट उतरून मालेगाव, धुळे करत उजाडेपर्यंत गाडी मारतो. त्या दिवशी त्याने काम किती तास केले? मालकाच्या हिशेबाने आठ, त्याच्या स्वतःच्या हिशेबाने वीस.

अमेरिकेत ड्रायव्हरच्या ओव्हरटाइमचा, म्हणजे जादा तासांच्या पैशांचा, वाद वेगळ्या जागी अडकला आहे. तिथल्या १९३८ च्या कायद्याने आठवड्याला ४० तासांपुढे दीडपट मजुरी दिली, पण आंतरराज्य माल वाहणारे ट्रक ड्रायव्हर त्यातून वगळले. त्यांच्या तासांवर १९३५ च्या मोटार वाहतूक कायद्याने आधीच सरकारी नियंत्रण आणले होते, हे त्यामागचे कारण. ही सूट काढण्याचे विधेयक २०२२ मध्ये तिथल्या संसदेत मांडले गेले. म्हणजे तिथे प्रश्न ‘ओव्हरटाइम द्यावा का’ असा आहे. आपल्याकडे द्यायचा हे १९६१ सालीच ठरले आहे.

त्याआधी होता तो १९३९ चा मोटार वाहन कायदा. त्यात सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, दिवसाला ९ तास, आठवड्याला ५४ तास अशी मर्यादा होती. हेतू अपघात टाळण्याचा होता. जादा तासांच्या पैशांचा तिथे विचार नव्हता. कारखान्यातल्या कामगाराला १९४८ च्या कारखाने कायद्याने दुप्पट दराचा ओव्हरटाइम मिळाला, ड्रायव्हरला आणखी तेरा वर्षे थांबावे लागले.

मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ मध्ये दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ठरले. लांब पल्ल्याच्या मार्गांवर किंवा सणासुदीच्या गर्दीत, तेही अधिकाऱ्याच्या मंजुरीने, १० आणि ५४ पर्यंत जाता येई. एका दिवसाची ड्युटी संपून दुसऱ्या दिवसाची सुरू होईपर्यंत सलग ९ तास विश्रांती आणि आठवड्याला एक सुट्टी होती. कलम २६ प्रमाणे मंजुरीच्या मर्यादेत आठ तासांपुढे जे काम होईल, किंवा सुट्टीच्या दिवशी जे करावे लागेल, त्याला दुप्पट दर. क्लीनर, बुकिंग क्लार्क, वॉचमनही याच कायद्यात ‘मोटार परिवहन कामगार’ होते.

कागद चांगला होता. तो फसला चार ठिकाणी.

पहिली जागा म्हणजे तासांची व्याख्या. गाडी चालण्याचा वेळ धरला, भराई-उतराई आणि गाडीची दुरुस्ती ‘पूरक काम’ म्हणून धरली. पण टर्मिनलवर नुसते हजर राहण्याचा वेळ धरला तो १५ मिनिटांपेक्षा कमी असेल तर. बसच्या ड्रायव्हरला हे बरोबर बसते, स्टँडवर दहा मिनिटे थांबायचे आणि पुढची फेरी घ्यायची. ट्रकला बसत नाही. नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीच्या गेटवर सकाळी सातला नोंद झाली आणि गाडी दुपारी चारला डॉकला, म्हणजे भराईच्या धक्क्याला, लागली, तर मधले नऊ तास कोणाचे? व्याख्येची सुरुवात ‘मालकाच्या हाताखाली असलेला वेळ’ अशी आहे, त्यामुळे ते तास मोजावेत असा युक्तिवाद करता येतो, आणि तो योग्यच वाटतो. गाडी सोडून जाता येत नाही, नंबर पुकारला की दोन मिनिटांत पुढे घ्यावी लागते. अशा वेळेला मोकळा वेळ म्हणायला जीभ धजत नाही. निर्यातीच्या द्राक्षांचा रीफर, म्हणजे शीतकंटेनर, न्हावा शेवा बंदरावर रांगेत असतो तेव्हा तर ड्रायव्हरला तापमानावर लक्ष ठेवत बसावे लागते. तरी मालकाची बाजू त्या १५ मिनिटांवर बोट ठेवते.

दुसरी जागा वरच्या मर्यादेची. दहा तासांपुढचे काम हा जादा पगाराचा विषय उरत नव्हता, तो गुन्हा होई. मग चौदा तासांची नोंद वहीत लिहिणार कोण? त्यासाठी दंड ५०० रुपयांपर्यंत होता, म्हणजे भीतीही फार नाही, पण स्वतःच्या हाताने पुरावा कोणी तयार करत नाही. रजिस्टरवर रोज आठ तास दिसतात. एसटीत ओव्हरटाइम हा रोजचा शब्द आहे, कारण तिथे ड्युटी आधीच कागदावर ठरलेली असते आणि उशीर झाला की तो मोजता येतो. खासगी ट्रकला वेळापत्रक नसते, पार्टीचा, म्हणजे माल पाठवणाऱ्याचा, फोन असतो.

तिसरी जागा पगाराची बांधणी. दुप्पट दर कशाच्या, तर मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या. महिना १५,६०० रुपये मूळ वेतन आणि २६ दिवस धरले तर दिवसाचे ६००, तासाचे ७५ आणि ओव्हरटाइमचे तासाला १५०. रोज दोन तास जादा झाले तर महिन्याला ७,८०० होतात. आता तेच पैसे ‘पगार ६,००० आणि बाकी ट्रिपभत्ता’ असे मांडा. ओव्हरटाइमचा तास ५८ रुपयांच्या आत येतो. ट्रिपवर पैसे घेणाऱ्या ड्रायव्हरलाही हे सहसा खटकत नाही, कारण लवकर पोचला तर दुसरी ट्रिप मिळते. घाई होते ती इथून. ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबतच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची, मुदत १ जानेवारी २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी आहे, त्यामुळे सरकारी कागद कोणाला रात्रभर पळवत नाही.

चौथी जागा माणसांच्या मोजणीची. कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायालाच लागू होता. तीन गाड्या, प्रत्येकी एक ड्रायव्हर आणि एक क्लीनर म्हटले की सहा माणसे होत. पण क्लीनर ठेवणे कमी झाले आणि तेच तीन गाड्यांचे मालक कायद्याबाहेर गेले. त्यात नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर हवेत ही अट २०१८ मध्ये निघाली. मालकांची मागणी समजण्यासारखी होती, ड्रायव्हर मिळत नाहीत. पण एका माणसाने नाशिक–दिल्ली करायचे आणि तास आठच राहायचे, हे गणित जमवायला त्याला वाटेत चांगले तीन मुक्काम करावे लागतील.

त्याच गाडीवर चढणाऱ्या हमालाची गोष्ट वेगळी झाली. १९६९ च्या माथाडी कायद्याने महाराष्ट्रात मंडळे आली, मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही (मालकाने भरायची जादा रक्कम) मंडळात भरायची पद्धत आली. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही घोषणा वाराईच्या, म्हणजे भराई-उतराईच्या मजुरीच्या, भांडणात अजून ऐकू येते. ड्रायव्हरच्या थांबलेल्या तासांसाठी अशी घोषणाही नाही. गाडी थांबवून ठेवल्याबद्दल पार्टी जो हॉल्टिंग चार्ज देते तो मालकाच्या बिलात जातो, त्यातही सहसा पहिला दिवस फुकट धरलेला असतो. आमच्या मते ओव्हरटाइमची किल्ली इथे आहे. हॉल्टिंग दिवसावर न लावता तासावर लावले, तर मालकाकडे ड्रायव्हरला द्यायला पैसे येतील आणि कंपनीला गाडी लवकर सोडण्याचे कारण मिळेल.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९६१ चा कायदा व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. ओव्हरटाइमचा दुप्पट दर कायम आहे, त्यासाठी कामगाराची संमती लागते आणि नेमणूकपत्र देणे सक्तीचे झाले. मात्र मोटार वाहतुकीसाठी उंबरठा पाचवरून दहा कामगारांवर गेला. क्लीनर नसलेल्या नऊ गाड्यांचा मालक आता बाहेर राहू शकतो. अशा ठिकाणच्या ड्रायव्हरला वेतन संहितेचा आधार उरतो. तिच्या कलम १४ मधला दुप्पट दर किमान वेतनाशी जोडलेला आहे, त्याला माणसांच्या संख्येची अट नाही. शिवाय वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो, म्हणजे ‘६,००० पगार’वाली मांडणी पूर्वीइतकी सोपी राहत नाही. डिझेल, टोलसाठी दिलेली खर्ची हा मोबदला नाही, ती यात मिसळू नये. दावे बऱ्याचदा इथेच गोंधळतात.

न मिळालेल्या ओव्हरटाइमचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. तास किती झाले हे मात्र ड्रायव्हरलाच दाखवावे लागते. पूर्वी त्यासाठी काही नसायचे. आता फास्टॅगच्या स्टेटमेंटमध्ये घोटी किंवा पिंपळगाव टोल ओलांडल्याची वेळ मिनिटासकट असते, पण ते मालकाच्या खात्यावर येते, म्हणून दाव्यात ते मागवून घ्यावे लागते. काटा पावतीवर वेळ छापलेली असते. ई-वे बिलाच्या भाग ‘ब’मध्ये गाडी नंबर कधी भरला ते दिसते. सगळ्यात उपयोगी कागद गेटपास, कारण थांबलेले तास फक्त त्याच्यावर असतात. मोबाइलवर त्याचा फोटो आत जाताना एकदा आणि बाहेर पडताना एकदा काढावा. बाहेर पडायची वेळ लिहायला गेटवरचा माणूस बहुतेक वेळा विसरतो, ती मागून लिहून घ्यावी लागते. मूळ पास तो ठेवून घेतो.