सातबाऱ्यावर नाव आहे? अमेरिकेत एसएसआयचा अर्ज करण्याआधी हे वाचा

अमेरिकेत अपंगत्वासाठी दोन वेगळ्या सरकारी मदती आहेत आणि पहिला घोळ इथेच होतो. एसएसडीआय तुम्ही नोकरीत भरलेल्या सोशल सिक्युरिटी करावर मिळते. तिथे जमीनजुमला कुणी विचारत नाही. एसएसआय मात्र गरजूंसाठी आहे. एकट्याची मालमत्ता 2,000 डॉलर, जोडप्याची 3,000 डॉलर, यावर गेली की अर्ज नामंजूर. ही मर्यादा 1989 पासून जागची हललेली नाही. त्याचा जाच आज साध्या माणसांना होतो.

राहतं घर आणि त्याला लागून असलेली जमीन मोजत नाहीत. मधून सार्वजनिक रस्ता गेला तरी हरकत नाही, पण मध्ये दुसऱ्याची जमीन आली की पलीकडचा तुकडा वेगळा धरतात. बाजारभावातून कर्ज वजा करून उरेल ती त्याची किंमत.

आपल्या लोकांची खरी अडचण गावाकडची. वडील गेल्यावर वारस नोंद होते, फेरफार मंजूर होतो आणि सातबाऱ्यावर तुमचंही नाव चढतं. परदेशातली मालमत्ताही सांगावीच लागते. कृपा करून लपवू नका. अर्जावरची सही खरं सांगितल्याची शपथ असते.

आणि घाईघाईने हक्कसोडपत्रही करू नका! ‘भावाच्या नावे करून टाक, प्रश्न मिटला’ असा सल्ला प्रेमानेच दिला जातो. पण अर्जाच्या आधीच्या 36 महिन्यांत जमीन फुकट किंवा कमी भावात दिली असेल, तर तिच्या किमतीनुसार जास्तीत जास्त 36 महिने मदत बंद राहू शकते. सही करण्याआधी अमेरिकेतल्या लीगल एडच्या (गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणारी संस्था) वकिलाला विचारा.

हिस्सा विकताच येत नसेल आणि म्हणून तो मोजला जाऊ नये असं म्हणणं असेल, तर ते कागदावर दाखवावं लागतं. वाटणी झालेली नाही, दावा चालू आहे, असं सोशल सिक्युरिटी कार्यालयाच्या काउंटरवर तोंडी सांगून काही होत नाही. फेरफार, कोर्टाचे कागद आणि जमिनीच्या भावाचं स्थानिक जाणकाराकडून लेखी पत्र गावाहून आधीच मागवून ठेवा. हे पत्र बहुतेकांकडे नसतं. जमीन विकायला काढली असेल, तर 9 महिने सशर्त मदत मिळू शकते, पण विक्रीनंतर ती परत फेडावी लागते.

ओळखीचे पुरावे, बँक स्टेटमेंट, डॉक्टरांची माहिती हे नेहमीचंच.

मदत सुरू असताना वारसाहक्काने जमीन आली, तर तो महिना संपल्यापासून 10 दिवसांत कळवा. नामंजुरीचं पत्र आलं तर अपिलाला 60 दिवस असतात. पत्र त्यावरच्या तारखेनंतर 5 दिवसांत मिळालं असं धरून ते मोजतात. चालू मदत थांबवत असतील, तर पत्र मिळाल्यापासून 10 दिवसांतच अपील करा, म्हणजे निकालापर्यंत पैसे येत राहतात.