नियंत्रित वनदाह

वनाच्या आखून घेतलेल्या क्षेत्रात हवामान, उतार व वाळलेला साठा पाहून योजनापूर्वक लावलेली मंद आग. वणव्याला मिळणारे इंधन आधीच घटविणे आणि आगीशी जुळवून घेतलेल्या वनांचे पुनरुज्जीवन करणे, हे तिचे दोन हेतू. फिरत्या शेतीसाठी जंगल तोडून जाळणे यात मोडत नाही. पेटलेला वणवा थोपविण्यासाठी त्याच्या समोरून लावलेला जाळही वेगळा मानतात.

या प्रथेच्या प्राचीनतेबद्दल मतभेद आहेत. ऑस्ट्रेलियातील आदिवासी शिकारीसाठी व कोवळ्या चाऱ्यासाठी गवताळ रान टप्प्याटप्प्याने जाळत. रीस जोन्स या पुरातत्त्वज्ञाने १९६९ मध्ये याला ‘अग्निकाष्ठ-शेती’ (जळत्या काठीने केलेली शेती) म्हटले. त्यामुळे खंडाचे वनस्पतिजीवनच पालटले, हे मत मात्र सर्वमान्य नाही. तळ्यांच्या गाळातील कोळशाचे थर आग लागल्याचे सांगतात, ती विजेने लागली की माणसाने लावली, हे सांगत नाहीत. वृक्षवलयांतील जळखुणा अधिक नेमक्या असल्या, तरी त्या काही शतकांपलीकडे क्वचितच जातात. हवामान व माणूस या दोहोंचा वाटा प्रदेशागणिक वेगळा धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

सर्व आगी विझविण्याचे धोरण त्या मानाने अलीकडचे. ब्रिटिश हिंदुस्थानात १८६० च्या दशकात मध्य प्रांतातील बोरीच्या जंगलात अग्निसंरक्षणाचे आरंभीचे प्रयोग झाले. पुढे ब्रह्मदेशातील ओलसर सागवनांत आणि आसाम-बंगालमधील सालवनांत संरक्षणानंतर नवी रोपे उभी राहीनाशी झाली आणि वनाधिकाऱ्यांतच वाद पेटला. अमेरिकेत १९१० च्या महावणव्यात सुमारे ३० लाख एकर वन जळाल्यानंतर दमनाचा आग्रह वाढला. दिसलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी १० पर्यंत आटोक्यात आणावी, असा नियम १९३५ मध्ये झाला. वनतज्ज्ञ हॅरल्ड वीव्हर यांनी १९४३ मध्ये पाँडेरोसा पाइनच्या वनांबाबत याविरुद्ध लिहिले. राष्ट्रीय उद्यानांचे धोरण १९६८ मध्ये बदलले, वनसेवेने दहाचा नियम १९७८ मध्ये सोडला.

दाहाची तीव्रता वनाग्नितज्ज्ञ बायरम यांच्या सूत्राने (१९५९) मोजतात : इंधनाचे उष्णतामूल्य, प्रत्यक्ष जळणारे वजन व ज्वालारेषेचा वेग यांचा गुणाकार. उष्णतामूल्य प्रतिकिलोग्रॅम सुमारे १८,००० किलोजूल, पाचोळा चौरस मीटरला अर्धा किलोग्रॅम आणि वेग सेकंदाला २ सेंमी. धरल्यास तीव्रता ज्वालारेषेच्या दर मीटरला १८० किलोवॉट येते. ज्वाला मीटरभरही उंच जात नाहीत. हाती अवजारे घेऊन आगीच्या तोंडाशी काम करण्याची मर्यादा मीटरला ३५० किलोवॉटच्या आसपास मानतात. उष्णतामूल्य फारसे बदलत नाही. म्हणून योजकाच्या हाती वजन व वेग हेच राहतात : ओलावा पाहून दिवस निवडायचा आणि वाऱ्याच्या उलट सरकणारा संथ जाळ लावायचा. वाऱ्यासोबत धावणारा जाळ वेगवान व धोक्याचा. क्षेत्राभोवती जाळरेषा (आग पलीकडे जाऊ नये म्हणून जळाऊ साठा काढलेला पट्टा) साफ केलेली असते.

लाँगलीफ पाइन हे पुनरुज्जीवनाचे ठळक उदाहरण. आग्नेय अमेरिकेत या वनांचा विस्तार एके काळी सुमारे ९ कोटी एकर होता असा अंदाज आहे. आज त्याचा अल्पांशच उरला आहे. त्याचे रोप काही वर्षे गवताच्या झुबक्यासारखे राहते, अग्रकळी दाट सुयांत दडलेली असते. दर दोन-तीन वर्षांच्या आगीत भोवतालची रुंदपर्णी झुडपे जळतात, रोप तगते. जायंट सेक्विया या महाकाय वृक्षाची शंकुफळे आगीच्या उष्णतेने उमलतात आणि बी आगीने मोकळ्या झालेल्या मातीवर पडते. झुडुपी वनांत हे गणित उलटते. वारंवार जाळल्यास तेथे परकी गवते शिरतात. वर्षावनांना तर आग मानवतच नाही.

नियंत्रण सुटल्याच्या घटना थोड्या, पण गाजलेल्या आहेत. न्यू मेक्सिकोत २००० साली सेरो ग्रांदे येथील दाह लॉस अलामॉस गावात शिरला व शेकडो घरे गेली. त्याच राज्यात २०२२ मध्ये निसटलेले दोन दाह एकत्र येऊन ३ लाख एकरांहून अधिक क्षेत्र जळाले. त्यांपैकी एक आग रचून पेटविलेल्या लाकडांच्या ढिगात हिवाळाभर धुमसत राहिली होती.